एका सेलावर चालणारा हात

"आजपासून मानवजातीला लुळेपणाची भीती उरली नाही," असं लवू धुरीने १९७२ सालच्या जून महिन्यात, एका रविवारी सकाळी, भांडुपच्या आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत जाहीर केलं. सभेला त्याची बायको विमला एकटीच हजर होती, आणि तीही तांदूळ निवडत होती. घोषणा ऐतिहासिक असल्यामुळे लवूने तिच्या पाठोपाठ प्रात्यक्षिकही ठेवलं होतं. स्टुलावर बसून त्याने आपल्या डाव्या मांडीवर दोन ओल्या फडक्यांच्या पट्ट्या बांधल्या होत्या. पट्ट्यांतून निघालेल्या दोन वायरी पत्र्याच्या एका डब्यात शिरत होत्या आणि डब्यावरचं बटण त्याच्या चिमटीत होतं. त्याने ते फिरवलं. पाय खरोखरच आपणहून उचलला गेला, गुडघ्यात सरळ झाला आणि वाटेतली पाण्याची भरलेली कळशी आडवी करून शांतपणे जागेवर आला.

त्या वर्षी चाळीच्या नळाला पहाटे पाऊण तास पाणी येई. विमलाने वाहत्या पाण्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं.

"मानवजातीचा मागसून बघूया," ती म्हणाली. "आधी ती कळशी उचला."

लवूने कळशी उचलली. फरशी पुसली. पुसताना मात्र तो शीळ घालत होता, कारण पाय हलला होता, आणि पाय हलतो तर अंजनाबाईचा हातही हलणार होता.

लवूचं स्टेशनाजवळ रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे आत माणूस बसू शकतो असं कपाट. अंजनाबाई ही भांडुप गावातल्या कोळीवाड्यातली मासळीवाली. तिचा रेडिओ गेली सहा वर्षं लवूकडे दुरुस्तीला येत होता आणि बरा होऊन जात होता, आणि दर वेळी त्याच्याबरोबर केळीच्या पानात काहीतरी बांधून येत होतं. असे संबंध नात्यातही फार ठिकाणी सापडत नाहीत.

मे संपता संपता अंजनाबाई भाचीच्या हळदीला रात्रभर नाचली आणि दुसऱ्या दिवशी न झोपता बाजारात जाऊन बसली. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. पाटीच्या कडेवर उजवा दंड टाकून तिने जरा डोळे मिटले. डोळे उघडले तेव्हा चार वाजले होते आणि उजवा हात मनगटातून खाली लोंबत होता. दुखत काही नव्हतं. पण मनगट वर म्हणून होईना, आणि बोटं सरळ होईनात. कोळीवाड्यात या आजाराची एकाच संध्याकाळी सात कारणं निघाली. त्यांतली चार भुतांची होती.

शहरातल्या मोठ्या इस्पितळात जायचं ठरलं तेव्हा तिचा नवरा महादू लवूलाही घेऊन गेला. तिथे विजेचे उपचार करतात असं त्याने ऐकलं होतं, आणि आपल्या बायकोला वीज लावायची तर ओळखीचा माणूस जवळ असावा, इतकंच त्याचं म्हणणं. डॉक्टर भले निघाले. ते म्हणाले की दंडातली नस तुटलेली नाही, दबून रुसली आहे; आठ-दहा आठवड्यांत तिचा राग जाईल. पण तोवर हाताचे स्नायू आयते बसून वाळले तर नस परत येऊन करणार काय. म्हणून त्यांना विजेचे बारीक बारीक झटके देऊन रोज कवायत करायला लावायची. त्यासाठी तिथे एक यंत्र होतं, लग्नात मुलीला देतात त्या कपाटाएवढं. त्याच्या पट्ट्या लावल्यावर अंजनाबाईचं मनगट असं काही उचललं गेलं की महादूने हात जोडले. लवूने यंत्र चालवणाऱ्या गृहस्थांना इतके प्रश्न विचारले, की शेवटी त्यांनी त्याला कुठे दुखतंय म्हणून विचारलं.

ही कवायत रोज तीन वेळा हवी होती. भांडुपहून रोज तीनदा शहरात जाणारा माणूस हात बरा करून घेऊ शकतो, पण दुसरं काही करू शकत नाही. लवूने परत येताना वाटेतच सांगून टाकलं, की तेच यंत्र मी तुला घरी करून देतो, विजेच्या जोडणीशिवाय, टॉर्चच्या सेलांवर. अंजनाबाईच्या मनात दुसरा हिशोब चालला होता, दिवसांचा.

भांडुपच्या त्या मासळीबाजारात बसायच्या जागा कुणाच्या नावावर नव्हत्या. कागद नव्हता, पावती नव्हती. पावसाळ्यात होड्या बंद असत तेव्हा ओटेही रिकामे पडत. नारळी पौर्णिमा झाली, होड्या पुन्हा सुटल्या, की पहिल्या बाजारच्या दिवशी जिने आपल्या ओट्यावर आपल्या कोयत्याने पहिला मासा कापला, तिची ती जागा वर्षभर. कापायचा स्वतःच्या दोन हातांनी. मुलीचा, सुनेचा हात चालत नसे. ज्या बाईला कापणं जमलं नाही तिने उठायचं आणि मागे टोपली घेऊन उभ्या असलेल्या बाईने बसायचं. हा कायदा राखायला मथुराआजी होती. ती बाजारातली सगळ्यांत म्हातारी बाई, आणि तिच्या निकालावर वर अपील नव्हतं.

अंजनाबाईचा ओटा दाराजवळचा. सकाळचं ऊन पापलेटांवर नेमकं तिथेच पडायचं. तिथे तिची सासू बसली होती, सासूची सासू बसली होती. आणि आता मागे टोपली घेऊन कमल उभी होती. कमल स्वभावाने वाईट नव्हती. तिला फक्त दाराजवळचा ओटा हवा होता. अंजनाबाईच्या तब्येतीची चौकशी करायला ती दर दोन दिवसांनी येई, हात पाही, आणि हळहळून जाताना जरा हलक्या पावलांनी जाई.

तर लवू कामाला लागला. यंत्रात मुळात अवघड काही नव्हतं. रेडिओत एक लहान ट्रान्सफॉर्मर असतो. विजेचा मोठा दाब खाली उतरवून स्पीकरला देणं हे त्याचं जन्माचं काम. लवूने त्याला उलटा बसवला, म्हणजे तो लहान दाब मोठा करू लागला. त्याच्या जोडीला दोन ट्रान्झिस्टर दिले. ते एकमेकांना जागं करत आणि झोपवत राहिले, सेकंदाला चाळीस वेळा. चाळीतल्या संसाराची सवय असलेल्या माणसाला त्यात नवल वाटण्याचं कारण नव्हतं. हे सगळं सामान मेलेल्या रेडिओंचं. वर ऐटीसाठी एक लाल दिवा. कळशीवाल्या प्रयोगानंतर दुसऱ्याच दिवशी डबा कोळीवाड्यात गेला, अंजनाबाईच्या कोपराखाली पट्ट्या बांधल्या, आणि लोंबणारं मनगट वर आलं. महादूने पुन्हा हात जोडले, या वेळी पत्र्याच्या डब्याला.

तिसऱ्या दिवशी डब्यातले चारही सेल संपले.

खरी गोम इथे होती. इस्पितळाच्या यंत्राला भिंतीतून वीज मिळते, ते कितीही खाऊ शकतं. अंजनाबाईच्या घरी सेल म्हणजे महादूच्या टॉर्चमधले दोन. पहाटे अंधारात होडीकडे जाताना तो टॉर्च लागे, आणि ते सेल महादू असे पुरवून वापरी की काही माणसं आयुष्यही तसं वापरत नाहीत. दर तीन दिवसांनी चार सेल खाणारं यंत्र त्या घरात पोसणं शक्य नव्हतं. लवू पदरचे सेल घालू लागला तेव्हा अंजनाबाईने हात मागे घेतला आणि सांगितलं, की फुकटचा हात मला नको.

मग लवूने यंत्राला उपाशी राहायला शिकवायचं मनावर घेतलं. प्रत्येक झटका त्याने टिचकीएवढा लहान केला. दोन झटक्यांच्या मधे ट्रान्झिस्टर उगीच जागे राहत होते, त्यांना नीट झोपवलं. शेवटी मीटर लावून पाहिलं तेव्हा असं दिसलं, की अंजनाबाईच्या हातापेक्षा जास्त वीज तो लाल दिवाच खातोय. लवूने दिवा काढला आणि दोन दिवस तो घरात कुणाशी धड बोलला नाही. विमलाला वाटलं दुकानात काही झालं. चाराचे दोन सेल झाले. दोनाचा एक करायला गेला, तर हात उचलला जायच्या ऐवजी नुसती करंगळी हलायची, तीही अनिच्छेने. महिना होत आला आणि लवू तिथेच अडकून बसला. वहीची पानं भरत होती, विमला ती उलट्या बाजूने वाण्याच्या यादीला वापरत होती.

अशात एका दुपारी महादू दुकानात आला. धावत आला होता.

"लवू," तो म्हणाला, "तुज्या डब्यानं कमलच्या थोबाडीत मारली."

लवूने हातातली डाग द्यायची सळई खाली ठेवली. महादूने सविस्तर सांगितलं. त्या दिवशी डब्याचा माणूस, म्हणजे लवू स्वतः, आला नव्हता, म्हणून अंजनाबाईने पट्ट्या आपल्याआपणच बांधल्या. बटण नेहमीच्या सात आकड्यावर नेलं. कमल चौकशीला आली होती, आणि हात कितपत मेलाय ते जवळून पाहायला वाकली होती. तेवढ्यात हात जो उसळला तो उलट्या पंज्याने कमलच्या गालावर. आवाज मिठागरापर्यंत गेला म्हणतात. अंजनाबाईचं म्हणणं, मी काही केलं नाही, डब्याने केलं. कमलचं म्हणणं, डब्याला माझं नाव कुणी सांगितलं.

लवूला काही उलगडा होईना. सेल तेच, डबा तोच. आजवर सातवर हात कसाबसा वर येई. आज असं काय झालं? कोळीवाड्यात जाऊन त्याने कमलची माफी मागितली आणि अंजनाबाईला प्रत्येक गोष्ट पहिल्यापासून करून दाखवायला सांगितली. तिने फडकी घेतली, कोपऱ्यातल्या पिंपात बुडवली, पिळली, आणि बांधू लागली.

"थांब," लवू म्हणाला. "हे पाणी कसलं?"

"खाडीचं. बोंबील धुवायचं."

"मी साधं पाणी सांगितलं होतं ना गं. प्यायचं."

अंजनाबाईने त्याच्याकडे असं पाहिलं, जसं शहाणं माणूस शिकलेल्या माणसाकडे पाहतं. हंडाभर गोड्या पाण्यासाठी कोळीवाड्यातल्या बायका अर्धा मैल चालत होत्या. आजवर रोज तिन्ही वेळा लवूच येई, तेव्हा तो स्वतःच तिच्या माठातून पेला बुडवून फडकी भिजवी, आणि ती गुमान पाहत राही, कारण पाहुण्याला पाण्यावरून बोलू नये.

"मग काय चिंधीला गोडं पानी पाजू?" ती म्हणाली.

लवू मटकन खाली बसला, पाटावर नाही, ओल्या जमिनीवर. कोरडी कातडी विजेला दार उघडत नाही. गोड्या पाण्याने ते किलकिलं होतं. खाऱ्या पाण्याने दोन्ही फळ्या सताड. हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. पण ट्रान्झिस्टरच्या पोटात शिरून बसलेल्या माणसाला पिंपाकडे बघायला सवड नव्हती. एक महिना तो यंत्राची भूक कमी करत होता, आणि उपाय बोंबलाच्या पिंपात पडून होता. इस्पितळात बहुतेक हे ठाऊक असावं. विचारायचं तेवढंच राहून गेलं होतं.

त्याने तिथल्या तिथे डब्यातला एक सेल काढला. बटण दोनवर आणलं. खाऱ्या फडक्यांतून अंजनाबाईचा हात संथपणे, डौलाने वर आला, लग्नात अक्षता टाकायला येतो तसा. कमल दारात उभी होती. ती एक पाऊल मागे सरकली.

दुसऱ्या दिवशी लवूने सगळं यंत्र साबणाच्या प्लॅस्टिकच्या डबीत बसवलं. आत एकच सेल. वर रबराचा पट्टा. आणि आता त्याला घोषणा करायची उबळ आवरेना. एका सेलावर तीस दिवस, असं त्याने कोळीवाड्यात आणि चाळीत दोन्हीकडे सांगून टाकलं. परीक्षा प्रामाणिक व्हावी म्हणून तीस दिवस डबी उघडायची नाही, त्याने स्वतःसुद्धा नाही. रोज संध्याकाळी दुकान बंद करून तो वही घेऊन येई, बटण फिरवी, हात वर येई, बटण मागे नेई, हात खाली जाई. मग तो लिही. 'दिवस नववा. सेल ठणठणीत.' 'दिवस पंधरावा. बटण दीडवर पुरे.' विसाव्या दिवसानंतर तर वहीतलं अक्षरही वळणदार झालं. 'दिवस बाविसावा. बटण एकवर. हात पूर्वीपेक्षा उंच.' 'दिवस पंचविसावा. बटण फिरवण्यापूर्वीच हात किंचित उचलला गेला. यंत्राची तत्परता वाढत आहे.' त्याने ही नोंद विमलाला वाचून दाखवली. विमलाने ती दोनदा वाचायला लावली, आणि मग पदर तोंडाला लावून चहा ठेवायला गेली.

नारळी पौर्णिमा झाली. दोन दिवसांनी पहिला बाजार भरला. श्रावण असल्याने लवूला मासळीकडे बघण्याचीही चोरी होती, पण विज्ञानाला श्रावण नसतो असं म्हणून तो सकाळीच जाऊन दाराशी उभा राहिला. विमलाही आली. अंजनाबाई हिरवं लुगडं नेसून, केसांत अबोली माळून आपल्या ओट्यावर बसली होती. पुढे कोयता, कोयत्यापुढे एक मोठं पापलेट. उजव्या कोपराखाली पट्ट्या बांधलेल्या आणि कमरेला साबणाची डबी खोचलेली.

मथुराआजीने मान हलवली, की लाव हात. तेवढ्यात कमल टोपली घेऊन पुढे आली. गालाचं ती विसरली नव्हती. तिचं म्हणणं मुद्द्याचं होतं. कायदा स्वतःच्या हाताचा आहे. हा हात अंजनाबाईचा नाही, डबीचा आहे. म्हणजे खरं पाहता रेडिओवाल्याचा आहे. मासा लवू कापणार असेल तर लवूला ओट्यावर बसवा.

बाजारात कुजबुज झाली. बायकांनी लवूकडे पाहिलं. महिनाभर ज्या गोष्टीचा त्याने गावभर डंका पिटला होता, तिच्यामुळेच आता अंजनाबाईचा ओटा जायची वेळ आली होती. दहा आठवड्यांनंतर आज यंत्राशिवाय हात उचलला जातो की नाही, हे त्याने एकदाही पाहिलं नव्हतं. सेलाकडे बघण्यात हाताकडे बघायचं राहिलं होतं.

"सेल काढ," मथुराआजी लवूला म्हणाली. "मग बगू हात कुनाचा."

लवूने अंजनाबाईकडे पाहिलं. ती खाली मान घालून पापलेटाकडे बघत होती. त्याने डबी हातात घेतली, रबराचा पट्टा सोडवला, झाकण उघडलं. आत दोन ट्रान्झिस्टर होते, उलटा ट्रान्सफॉर्मर होता, व्यवस्थित डाग दिलेल्या वायरी होत्या. सेल नव्हता. सेलाच्या जागी सुक्या जवळ्याचा एक कण होता.

लवू ती रिकामी जागा बघत राहिला. मथुराआजीने डबी त्याच्या हातातून घेतली, उलटी केली, हलवली. जवळा खाली पडला.

"मग हात कशावर चालतोय?" कमलने विचारलं.

"तिच्यावर," मथुराआजी म्हणाली.

अंजनाबाईने दोन्ही हातांनी पापलेट उचललं. उजवं मनगट ताठ, बोटं सरळ, काही थरथर नाही. कोयत्याच्या उभ्या पात्यावर ते एकदाच असं काही ओढलं की दोन तुकडे ओट्याच्या दोन बाजूंना गेले. बाजाराने एकदम श्वास सोडला. मथुराआजीचं समाधान एवढ्याने होणारं नव्हतं. मासा ताजा आहे की नाही हे ती बोटाने दाबून ठरवी; तसेच तिने अंजनाबाईचे दोन्ही हात कोपराखाली दाबून पाहिले, आधी डावा, मग उजवा.

"दोन्ही ताजे," तिने निकाल दिला. मग लवूकडे वळून म्हणाली, "दहा आठवडे पडून राह्यलेला हात वाळला नाय. तुज्या डबीनं सांभाळला."

नारळ फुटला. बायका हसल्या, कुणी तरी गाणं धरलं. कमलने मुकाट्याने आपली टोपली उचलली, आणि पुढल्या वर्षी मथुराआजीशेजारची जागा रिकामी होणार आहे हे अंजनाबाईनेच तिच्या कानात सांगितलं.

लवूने मात्र वही काढली होती आणि तो मागची पानं चाळत होता. शेवटी त्याने विचारलं, की सेल गेला कधी.

अंजनाबाईला खरं सांगताना संकोच झाला. विसाव्या दिवशी गेला, ती म्हणाली. त्याच्या आदल्या रात्रीच तिच्या लक्षात आलं होतं की हात आपला आपण वर येतोय.

"मग रोज संध्याकाळी मी बटण फिरवत होतो तेव्हा?"

"तू फिरवलंस का मी उचलायची. तू वहीत कसा मन लावून लिवतस. तुजा मन कशाला मोडू?"

विमलाने पदर पुन्हा तोंडाला लावला. लवूने पंचविसाव्या दिवसाची नोंद पुन्हा एकदा वाचली. मग त्याला हसू आलं, आधी थोडं, मग इतकं की ओट्याला धरून उभं राहावं लागलं. हसणं ओसरल्यावर त्याने डबी वर धरली, घसा साफ केला आणि जमलेल्या बाजाराला सांगितलं, की बायांनो, जगात पुष्कळ यंत्रं झाली, पण आपलं काम संपल्यावर वीज खाणं आपणहून बंद करणारं यंत्र भांडुपखेरीज कुठे झालेलं नाही.

बायांनी टाळ्या वाजवल्या. गर्दीतून वाट काढत महादू पुढे आला आणि त्याने अदबीने लवूच्या खांद्याला हात लावला.

"लवू, पुडची डबी करशील ना, ती दोन सेलांची कर," तो म्हणाला. "एका सेलावर टॉर्च लागत नाय."